एक गुलाब आणि सहा पोती लीद

घोड्याची लीद ताजी घ्यायची नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. तबेल्यातल्या माणसानं सांगितलं होतं, तेही दोनदा. पण बाजारातून शिळी भाजी आणल्याबद्दल ज्यानं चौतीस वर्षं बोलणी खाल्ली आहेत, त्याला कोणी 'जुनं घ्या साहेब, जुनंच चांगलं' म्हणालं की तो सावध होतो. मीही झालो. पुढचं सगळं त्या सावधपणातून घडलं.

पण आधी गुलाबाचं सांगायला हवं. आमच्या घरापुढे, फाटकापासून पायरीपर्यंत, दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. तिला ही 'बाग' म्हणते. ही म्हणजे माझी बायको. बागेत एक कढीलिंबासारखं दिसणारं पण कढीलिंब नसलेलं झाड आहे, काही कुंड्या आहेत आणि मध्यभागी हिचा गुलाब आहे. ही ज्या शाळेत शिकवायची, तिच्या आवारातल्या गुलाबाची काडी तिनं निवृत्त होताना आणून लावली होती. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ कुठे आहे ते आज घरात कोणाला सांगता येणार नाही, पण काडी जगली. पहिली दोन वर्षं तिला काळपट लाल फुलं आली. नंतरची दोन वर्षं एकही नाही.

आमची लेक दूरदेशी असते. तिच्या बाळंतपणासाठी ही निघाली तेव्हा टॅक्सी दारात उभी होती, ड्रायव्हर सामान डिकीत कोंबत होता आणि मी पासपोर्ट घेतलास का असं सहाव्यांदा विचारत होतो. ही फाटकाशी थांबली, गुलाबाकडे बघून हसत म्हणाली, "याला फूल आलं की कळवा. मग मी येतेच."

निघताना माणसं असं काहीबाही बोलतात, हे मला आता समजतं. पण मी एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली आहेत. तिथे स्पष्ट शब्दांत जे येतं तो आदेश असतो आणि आदेशाचा हेतू काय असावा हे ठरवणं कारकुनाचं काम नसतं.

तीन महिन्यांसाठी गेलेली ही तीन महिन्यांनी आली नाही. आधी नातवाचं पोट बिघडलं. मग लेकीची रजा संपली. मग बाळाला सांभाळणारी बाई मिळाली ती हिला पसंत पडली नाही. दर वेळी लेक फोनवर लाडीगोडी लावायची, बाबा, आईला अजून थोडे दिवस राहू दे ना. आणि दर वेळी मी म्हणायचो, राहू दे की, मला काय. हे 'मला काय' मी चार वेळा म्हणालो. चारही वेळा फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाच एखादा डबा उघडून बघितला.

खोटं कशाला बोलू, मला करमत नव्हतं. सकाळी चहा ठेवायचो तो हाताला सवय होती म्हणून दोन कपांचा व्हायचा. एक मी प्यायचो आणि दुसरा ओट्यावर गार व्हायचा. तोही मग मीच प्यायचो, कारण टाकून द्यायला जीव होत नसे. वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोठ्यानं वाचायला तोंड उघडायचो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मिटायचो. ही घरात असताना माझ्या वाचनाकडे अजिबात लक्ष देत नसे, पण लक्ष न देणारं माणूस समोर असणं आणि समोर माणूसच नसणं यांत बराच फरक आहे. हे तिला सांगावं असं फार वाटायचं. फोनवर मात्र मी तिला गॅसचा सिलिंडर कधी संपला ते सांगायचो.

मग एका रविवारी जावई फोनवर आले आणि अतिशय आदरानं म्हणाले की बाबा, एवढं मोठं घर घेऊन एकटे काय करताय, ते काढून टाका आणि तुम्हीही इकडेच या. पडद्यावर त्यांच्या मागे ही उभी होती. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला नीट ऐकू आलं. त्या संध्याकाळी मी बाहेर येऊन गुलाबासमोर बसलो आणि ठरवलं की याला फूल आणायचंच.

खुरपं घेऊन माती उकरायला गेलो तर खुरपं टणकन आपटलं. घर बांधणाऱ्या कंत्राटदारानं उरलेल्या विटा, चुना आणि फरशांचे तुकडे मोठ्या सढळ हातानं आमच्या बागेत पुरले होते. त्यावर चार बोटं माती होती, तीही उन्हानं वीट होण्याच्या बेतात. त्यात काही उगवत होतं हाच चमत्कार होता.

मी माती उकरतोय हे दिसताच सल्ले सुरू झाले. शेजारच्या वहिनींनी चहाचा चोथा घालायला सांगितला. दोन कपांच्या हिशेबानं माझ्याकडे चोथा भरपूर होता, तो घातला. मुंग्या आल्या. समोर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे जमीन या विषयावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. त्यांनी फाटकाला टेकून मला मातीचे प्रकार सांगितले, नद्या सांगितल्या, नद्यांची मुखं सांगितली. पाऊण तासानंतर ते म्हणाले की तुमच्या जमिनीला घोड्याच्या लिदीचं कुजवलेलं खत हवं. 'कुजवलेलं' हा शब्द त्यांनी नक्की उच्चारला असणार, पण तोपर्यंत माझे कान मिटले होते. मी 'घोडा' एवढंच ऐकलं.

गावाबाहेर घोडेस्वारी शिकवणारा एक तबेला आहे. मी गाडी घेऊन तिथे गेलो. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार एका घोड्याचा खूर साफ करत होता. खत हवंय म्हटल्यावर त्यानं तबेल्यामागचा एक ढीग दाखवला. काळा, भुसभुशीत, वर दोन-चार रोपटी उगवलेली. म्हणाला, "हे न्या साहेब. वर्षाचं जुनं आहे, एकदम मुरलेलं. कितीही न्या."

मी ढिगाकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. गिऱ्हाईक नवखं दिसलं की भाजीवाला खालची मऊ पडलेली वांगी कशी पुढे करतो, ते मला चांगलं ठाऊक होतं. घरी गेल्यावर त्या वांग्यांवरून जे ऐकावं लागतं तेही ठाऊक होतं. ही इथे असती तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असती, तुम्हाला कोणीही काहीही गळ्यात मारतं. ती इथे नव्हती, म्हणून तर मला जास्तच जबाबदारीनं वागायचं होतं. मी म्हणालो, "हे राहू दे. आजचं काय आहे ते दाखवा."

त्यानं पुन्हा समजावून बघितलं. मी पुन्हा सुज्ञपणे हसलो. अखेर त्यानं हात वर केले आणि वाफा निघणारी सहा पोती भरून दिली. चार डिकीत, दोन मागच्या सीटवर. वाटेत एका गतिरोधकावर सीटवरचं एक पोतं फुटलं. त्यानंतर महिनाभर माझ्या गाडीतून यायला कोणीही तयार होत नव्हतं. हेडमास्तर तर मी गाडी थांबवली की पायी चालण्याचे फायदे सांगायला लागायचे.

त्याच दिवशी मी पोती गुलाबाच्या बुंध्याशी रिकामी केली. हात आखडता घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे गुलाब कमरेपर्यंत लिदीत बुडाला. थंडीत माणसाच्या गळ्याशी दुलई ओढून द्यावी तसं वाटलं मला. संध्याकाळी फोनवर ही म्हणाली, आज आवाज बरा वाटतोय तुमचा. मी म्हणालो, कळेलच.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. सातव्या दिवशी पानं गळायला लागली. दहाव्या दिवशी गुलाबाच्या जागी काही काळ्या काड्या उभ्या होत्या आणि वास मात्र गल्लीच्या टोकापर्यंत फुलला होता. मी तबेल्यात धावत गेलो. मोतद्दारानं मला ओळखलं. 'सांगितलं होतं ना' असं तो म्हणाला नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. तो एवढंच म्हणाला की ताजी लीद आतून तापते, मुळं भाजून काढते. सगळी काढून घ्या, मुळाशी पाणी सोडा, कोपऱ्यात ढीग घाला, वाळका पाला मिसळा, आठवड्याला खालीवर करा. तीन-चार महिने जातील.

मी विचारलं, झालं हे कळायचं कसं.

"ढीग गार होतो," तो म्हणाला. "आणि घोड्याचा वास जातो. तोवर थांबायचं."

थांबायचं. मी गेले पाच महिने दुसरं काय करत होतो?

त्या संध्याकाळी हिनं विचारलं, गुलाब कसा आहे. मी म्हणालो, आहे. हे खोटं नव्हतं. दाखवा बघू, ती म्हणाली. मी फोन घेऊन बाहेर गेलो आणि कुंपणाच्या भिंतीवरून वहिनींच्या गुलाबाची पानं दाखवली. हे मात्र खोटं होतं. ही जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरीच पानं धरलीत की." मी म्हणालो, हो. मग आम्ही सिलिंडरवर बोललो.

आता अर्जाचं सांगतो. यात चूक माझी एकट्याची आहे. कोणी लेखी तक्रार केली नव्हती. वहिनींनी फक्त एकदा नाकाला पदर लावून, भाऊजी, हे अजून किती दिवस, असं विचारलं होतं. दुसऱ्या कोणी दिलगिरी व्यक्त केली असती आणि विषय संपला असता. पण एकतीस वर्षांच्या नोकरीनं मला एक शिकवलं आहे, की उद्या काही झालं तर आपल्याकडे कागद पाहिजे. मी नगरपालिकेकडे रीतसर अर्ज केला. 'राहत्या घराच्या आवारात अश्वजन्य सेंद्रिय पदार्थांचा साठा तात्पुरत्या स्वरूपात ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.' विषय लिहून झाल्यावर मी तो दोनदा वाचला. खूप दिवसांनी छान वाटलं.

नगरपालिकेत 'अश्वजन्य' या नावाचं टेबलच नव्हतं. कारकुनानं अर्ज उलटापालटा करून बघितला आणि जे सर्वांत जवळचं होतं त्यात टाकला. तीन आठवड्यांनी मला नोटीस आली की आपण राहत्या वस्तीत विनापरवाना घोडा पाळत असल्याचे आपल्याच अर्जावरून निदर्शनास आले आहे.

पाठोपाठ नगरपालिकेचे इन्स्पेक्टर आले. वयस्कर, घामेजलेले, काखेत फाईल. त्यांनी घोडा दाखवायला सांगितलं. घोडा नाही म्हटलं, तर त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलं. हा मुद्दा बिनतोड होता. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, घरात डोकावलं, न्हाणीघरातही डोकावलं आणि लिहिलं, 'पाहणीच्या वेळी घोडा जागेवर आढळला नाही.' म्हणजे इतर वेळी तो असतो, असा त्याचा अर्थ होतो हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं. ते म्हणाले, साहेब, तुम्हीही ऑफिसात होतात, 'नाही' असं कधी लिहिलंयत का? मीही आयुष्यभर 'आढळले नाही' असंच लिहीत आलो होतो.

मग घोड्याच्या लसीकरणाचा दाखला मागणारं पत्र आलं. घोडाच नसल्याचा दाखला कोण देतं हे विचारायला मी गेलो, तर तो देणारे साहेब रजेवर होते. पुढच्या खेपेला साहेब होते, पण त्यांच्या मते असा दाखला फक्त ज्यांच्याकडे पूर्वी घोडा होता त्यांनाच मिळतो. सुमारे दोन महिने मी आठवड्यातून एकदा तिथल्या बाकावर जाऊन बसत होतो. लोक मला ओळखायला लागले होते. शिपाई मला पाहून 'घोडेवाले आले' असं आत जाऊन सांगायचा. ज्याच्या सहीनं एकेकाळी टपाल जिल्हाभर जायचं, त्या माणसावर ही वेळ आली होती.

तरी एक कबूल करतो. जायला कुठेतरी ठिकाण होतं, याचं मला बरं वाटायचं.

शेवटी इन्स्पेक्टरांनाच दया आली. ते घरी आले आणि म्हणाले, एकच वाट आहे, घोडा दुसरीकडे पाठवला असं लिहून द्या, फाईल बंद होते. एवढ्या नोकरीत मी खोट्या कागदावर सही केली नव्हती. त्या दिवशी केली. 'माझा घोडा मी स्थलांतरित केला आहे.' फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता, घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. मी दोन लिहिलं. इन्स्पेक्टरांनी मान वर केली. इतक्या खेपांत त्यांनी घरात माझ्याशिवाय कोणालाच पाहिलं नव्हतं.

"दुसरं कोण?"

"बायको. लेकीकडे गेलीय."

"कधी येणार?"

मी पेनचं टोपण लावलं. त्यांनी तो आकडा तसाच ठेवून फाईल मिटली आणि म्हणाले, असू दे दोन. ते गेल्यावर मी पायरीवर बसलो. नसलेला घोडा गेला, आणि अंगण आणखी रिकामं झालं.

ढीग मात्र होता. दर रविवारी मी फावड्यानं तो खालीवर करायचो. रोज सकाळी चहा झाला की बाहेर जाऊन त्यात मनगटापर्यंत हात घालायचो. सुरुवातीला चटका बसायचा. मग नुसता गरम लागायला लागला, मग कोमट. त्या घरात सकाळच्या वेळी माझ्याशिवाय ऊब असलेली तेवढी एकच गोष्ट होती. म्हणून कधीकधी मी हात लवकर बाहेर काढत नसे. वहिनींनी हे भिंतीवरून पाहिलं असणार.

हळूहळू लिदीतले गवताचे तुकडे दिसेनासे झाले. रंग काळा पडला. वास गेला, म्हणजे घोड्याचा गेला. पाऊस पडून गेलेल्या मातीला येतो तसा यायला लागला. आणि एका गुरुवारी हात घातला तर आत गार होतं. सगळीकडे चाचपून बघितलं. गारच. माझं थांबणं संपलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी काळ्या काड्यांकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की खत तयार आहे आणि ते घालायला झाड नाही. फूल येणार नाही, म्हणजे कळवणार काय? मी खाली बसून काड्या उपटायला घेतल्या. पहिलीला हात घातला आणि थांबलो. बुंध्याशी, मातीला लागूनच, एक तांबूस कोंब होता. नखाएवढा.

संध्याकाळी फोन लावण्याआधी मी एका कागदावर काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिला मसुदा 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा सुरू झाला, तो फाडला. दुसऱ्यात एकच ओळ लिहिली.

हिनं फोन घेतला. मागे नातू ताटली आपटत होता.

"गुलाब जळाला," मी म्हणालो. "मीच जाळला. ताजी लीद घातली."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"वहिनींनी त्याच आठवड्यात सांगितलं. घोड्याचंही सांगितलं." तिनं नातवाच्या हातातली ताटली काढून घेतली. "आणि त्यांच्या भिंतीचे पोपडे मला ओळखू येत नाहीत होय? स्वतःच्या गुलाबाची पानं दाखवताय म्हणे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काय सांगताय ते बघत होते. तुम्ही सिलिंडरचं सांगत होतात."

मी कागदाकडे बघितलं. अक्षर माझंच होतं पण वाचता येईना, म्हणून न बघताच बोललो.

"खालून एक कोंब आलाय. एवढासाच आहे. फूल यायला वर्ष लागेल. त्या फुलासाठी थांबू नकोस. तू ये. मला तुझ्याशिवाय इथे करमत नाही."

पलीकडून आवाज येईना. नेटवर्क गेलं असं वाटून मी फोन डोळ्यांजवळ धरला. नेटवर्क होतं. ही चष्मा काढून पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

"आठ महिने झाले," ती म्हणाली. "आठ महिने मी एवढंच ऐकायला थांबलेय. दर वेळी आपलं 'राहू दे की, मला काय'. मला वाटलं, खरंच काही नाही यांना. साधं 'ये' म्हणायला तुम्हाला घोडा लागला."

मग तिनं तोंड फिरवून लेकीला हाक मारली आणि तिकिटाचं बघ म्हणून सांगितलं. लेक काहीतरी म्हणाली, बहुतेक नातवाबद्दल. त्यावर ही म्हणाली की नातवाला आई आहे, बाप आहे. पुन्हा माझ्याकडे वळून तिनं विचारलं, ढीग गार झाला का. मी म्हणालो, आजच झाला.

"मग आता त्याला हात लावू नका. मी आल्यावर दोघं मिळून घालू."

मी हात लावला नाही. फक्त सकाळी चहा झाला की बाहेर जाऊन ढीग जागेवर आहे ना, तेवढं बघून येत होतो.